श्रावणी सोमवारी गुडघ्यात कोंबडा

श्रावणातला सोमवार, संध्याकाळ

आज गुडघ्यात सुई घेतली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, आत वंगण घालते." मी म्हटलं, "आमचे हे कापडगिरणीत साच्यांना, म्हणजे मागांना, तेल घालायचे. संपात साचे बंद पडले ते तसेच गंजले. तुमचं तेल किती टिकणार?" बाई हसल्या. म्हणे तेल नाही, अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट असतं. आपल्या गुडघ्यातही तसंच असतं, म्हातारपणी पातळ होतं आणि सांधा घासतो.

"आणता कुठून?"

"कोंबड्याच्या तुऱ्यातून काढतात."

सोबत आलेली सून किंचाळलीच. "आई, उठा! आज श्रावणी सोमवार!"

मी पाय पसरूनच बसले. गुडघ्याला काय तोंड आहे? मी थोडीच खातेय? पण अख्खा कोंबडा सोडून तुराच का? बाई म्हणाल्या, तो चिकट माल तुऱ्यात भरपूर असतो, म्हणून तर तुरा फुगून उभा राहतो. हे पटलं. जन्मभर कोंबडी कापताना तुरा फेकत आले.

झिजलेलं मात्र परत भरत नाही म्हणे. कुणाला काही महिने आराम पडतो, कुणाला काहीच नाही. माझं काय होईल? मला गणपतीत खाली बसून मोदक वळायचेत. गेल्या वर्षी खुर्चीवर बसवलं, पाहुणी असल्यासारखं.

घरी आल्यावर सुनेने देवाजवळ फिरकू दिलं नाही. आता मात्र चहा घेऊन आली, हळूच विचारते, "आई, काही फरक?"

म्हटलं, "अजून आरवला नाही."