दुर्बिणीला न दिसलेलं

प्रिय दीपमाला,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. संतपुरात सगळं ठीक आहे. सोयाबीन पावसात भिजलं, तूर मात्र बरी आहे.

परवा तुझ्या बसचे ड्रायव्हर वीरण्णा लेकीच्या प्रवेशासाठी कलबुर्गीला आमच्या कॉलेजात आले होते. आळंदच्या वाटेवर काय झालं ते त्यांनी सांगितलं. तू दोनदा बस थांबवायला लावलीस, प्रवासी कुरकुरले, म्हणून पुढच्या वेळी पोटातली कळ दाबून तिकिटं फाडत राहिलीस आणि मग व्हायचं ते झालं. बायकांनी लुगड्याचा आडोसा धरला. सांगताना वीरण्णा खाली बघत होते. ड्यूटीवर असताना अक्का काही खात नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत, हेही त्यांच्याकडूनच कळलं. सख्ख्या भावाला ठाऊक नव्हतं.

आणि तुला ड्यूटीवर धाडलं मीच. आतड्याची सूज उतरली, दुर्बिणीच्या तपासणीत सगळं चांगलं दिसलं, तेव्हा मी भर घरात म्हणालो की आता उरलंय ते मनाचं. जीवशास्त्र शिकवणारा लेक म्हणतोय म्हटल्यावर आईनेही ते खरं मानलं. तू एवढंच म्हणालीस, "अण्णा, मी खोटं कामून बोलू?" मी उठून बाहेर गेलो.

काल तुझ्या नागेंद्र डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, आतड्याच्या भिंतीत नसांचं स्वतःचं जाळं असतं. आतला माल पुढे सरकून भिंत ताणली की मागचा भाग आवळतो, पुढचा सैल होतो. त्याला मेंदूच्या हुकमाची गरज नसते. सुजेने या नसा चिडतात. मग जराशा ताणालाही उसळतात, आवळण्या-सोडण्याचा मेळ बिघडतो, कळ येते, धावावं लागतं. सूज गेली तरी काहींच्या नसा कित्येक महिने तशाच राहतात, आणि दुर्बिणीला ते दिसत नाही. दीपू, हे जाळं मी दर वर्षी फळ्यावर काढतो. तुझ्या पोटातही ते आहे, हे मला सुचलं नाही.

आज सकाळी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजे लेकराला खरंच दुखायलंय, आन् आपण तिलाच शिकवायलोत."

तू सोमवारी राजीनामा द्यायला निघालीयस, हे तिनेच सांगितलं. त्यासाठीच हे पत्र. ते वीरण्णांच्या हाती पाठवतोय. राजीनामा देऊ नकोस. नसा शांत करणाऱ्या गोळ्या आहेत, आणि बरं वाटेपर्यंत बसून करायचं काम द्यावं अशी चिठ्ठी डॉक्टरांनी दिलीय. सोमवारी मी ती घेऊन डेपोच्या फाटकाशी थांबतो. माझ्याशी बोलावंसं वाटलं न्हाई तर बोलू नकोस, साहेबांशी मी बोलेन. फक्त घरातून चार घास खाऊन निघ.

तुझाच, चुकलेला
रत्नपाल अण्णा