पडद्याच्या पलीकडची बाजू

मी शालिकराम नत्थूजी कळंबे, वय वर्षे सदुसष्ट, पूर्वी शाळेत ड्रॉइंग मास्तर, आता घरीच, राहणार पांढुर्णा, जिल्हा छिंदवाडा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. उजवा हात मात्र मागच्या पोळ्यानंतर अर्धांगाने गेला, म्हणून हे अक्षर डाव्या हाताचे आहे. वाकडे दिसले तरी माझेच आहे. त्यावरून कोणी कोर्टाची पायरी चढू नये.

१. राहते घर अंगणासह माझा मुलगा वसंत याला. अंगणातले दोन लोखंडी खांब त्याने उपटू नयेत. या खांबांना पांढरे कापड बांधून मी विद्यापीठाच्या ग्रंथालयातले सिनेमे साऱ्या मोहल्ल्याला दाखवले. नाचगाण्याचे नव्हेत. समुद्राच्या तळाचे, बर्फाचे, बी फुटून कोंब वर येतो त्याचे. ग्रंथालयात फिल्मांचे कपाट सांभाळणारा माझा भाचा मोरेश्वर शनिवारच्या पॅसेंजरने शाळेच्या नावावर फिल्मांचे डबे घेऊन यायचा आणि गाडीतून उतरतानाच सांगायचा, "मामाजी, या खेपेचा पाहाच. मी तर पाहून हादरून गेलो." त्याची शिफारस कधी फसली नाही. कपाशीचा कोंब माती फोडताना दिसला तेव्हा जन्मभर कपाशी पेरणारी माणसे जागेवरून पुढे सरकली. गुणवंता कास्तकाराने तर उठून पडद्याला हात जोडले. माझी रंगांची पेटी आणि कुंचले मोरेश्वरला.

वसंत म्हणतो, आता घरात टीव्ही आला, कापड कशाला? टीव्ही चांगला आहे, मीही पाहतो. पण त्याच्या मागे बसता येत नाही, तिथे नुसत्या तारा आहेत. मी हे का म्हणतो ते कलम तीनमध्ये कळेल.

२. माझे थोरले बंधू भैय्याजी यांना माझी आरामखुर्ची. दर सिनेमाला ते तिच्यात, सगळ्यांच्या पुढे बसले आणि अर्ध्यावर घोरायला लागले. समुद्राच्या सिनेमातही घोरले, हे मी विसरलेलो नाही. भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर बसायचे नाही, म्हणून माझी बायको केसरबाई आणि तिच्याबरोबर मोहल्ल्यातल्या साऱ्या बाया कापडाच्या पलीकडे सतरंजीवर बसत. कापड पातळ, चित्र तिकडूनही दिसायचे. मी दरवेळी म्हणायचो, पुढे या. ती म्हणायची, "भासरे बसून राहिले ना तिथं. आमाले इकडूनच बरं दिसते."

३. प्रोजेक्टर माझी मुलगी इंदू हिला. ती सौसरला दवाखान्यात नर्स आहे आणि जन्मापासून डावखुरी आहे. लहानपणी तिने डाव्या हाताने घास उचलला की भैय्याजी त्या हातावर फटका मारत. मग एकदा हृदयाच्या ऑपरेशनचा सिनेमा आला. दुसऱ्या दिवशी केसरबाई जन्मात पहिल्यांदा भासऱ्यापुढे बोलली, तेही दाराआडून. "पोरीच्या हाताले हात लावू नोका. एवढा मोठा डॉक्टर डाव्या हातानं काळीज शिवून राहिला होता, तुमी पायलं नाई का? सिनेमातले सारे हुशार लोक डावखोरेच असते." भैय्याजी सिनेमाभर झोपलेले. खोटे तरी कसे म्हणणार? त्या दिवसापासून इंदूचा डावा हात मारातून सुटला.

मी चक्रावलो. डॉक्टर तर उजव्या हाताने शिवत होता. पुढे तोच सिनेमा पुन्हा आणला तेव्हा वाऱ्याने कापडाची दोरी सुटली. बांधायला पलीकडे गेलो आणि पाहतच राहिलो. तोच डॉक्टर, तेच धडधडणारे हृदय, पण सुई डाव्या हातात! बाया श्वास रोखून बसलेल्या, त्यांच्या तोंडावर पडद्याचा उजेड, केसरच्या डोळ्यांत पाणी. जन्मभर पोरांना चित्रकला शिकवली, पण माझ्याच अंगणात कापडाच्या पलीकडे आणखी एक जग चालू आहे, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. दोरी हातातच राहिली. केसरबाईला मी काही सांगितले नाही. तिने जे पाहिले होते ते तिने पाहिलेच होते.

मग माझा हात पडला. चित्र गेले, सही गेली, मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. केसरबाईने माझ्या डाव्या हातात पेन्सिल कोंबली. "थो डॉक्टर डाव्या हातानं माणसाचं काळीज शिवते, अन् तुमाले सोताचं नाव लिवता येत नाई? लिवा." मी लिहिले. हे अख्खे मृत्युपत्र त्या डॉक्टरच्या अशा हाताच्या भरवशावर लिहिले आहे, ज्यात त्याने सुई धरलीच नव्हती.

४. पोस्टातली शिल्लक केसरबाईला. तिला कोणी हिशेब विचारू नये.

५. तेरवीला जेवणावळ घालू नये. मोरेश्वरने तोच ऑपरेशनचा सिनेमा आणावा आणि इंदूने तो अंगणात लावावा. केसरबाईला पुढे, अगदी मधोमध बसवावे. पलीकडून चित्र अंधूक दिसते. इतकी वर्षे तिने अंधूकच पाहिले. त्या हृदयाचा खरा लाल रंग तिला दिसावा, ही माझी शेवटची इच्छा आहे. भैय्याजींची खुर्ची त्या दिवशी पलीकडे, सतरंजीजवळ ठेवावी. हे मान्य नसेल तर खुर्ची वसंतची.

एकच धास्ती वाटते. पुढे बसली की तिला डॉक्टरचा उजवा हात दिसेल. म्हणून इंदूने शेजारी बसून आपल्या डाव्या हातात तिचा हात धरावा आणि सिनेमा संपल्यावर एवढे वाचून दाखवावे:

केसर, तू चुकली नव्हतीस. आपण एकच सिनेमा दोन्हीकडून पाहत होतो. आता तू इकडे पुढे बस. मी पलीकडे जातो. तिथे सारेच डावखुरे असतात, मी डोळ्यांनी पाहिले आहे. हा हात घेऊन मला तिथे परके वाटणार नाही.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

साक्षीदार:
१. यशवंतराव ठोंबरे, निवृत्त हेडमास्तर, पांढुर्णा
२. सुखदेव बागडे, शेजारी, पांढुर्णा

स्थळ: पांढुर्णा
दिनांक: १२ जानेवारी १९८६

शालिकराम नत्थूजी कळंबे
(सही डाव्या हाताची. केसरबाईने शिकवलेली.)