चिंचदरीचा धबधबा आणि आठ फोटो

२५ ऑगस्ट १९६३, रविवार
मार्तंड सकाळच्या एसटीनं नांदुऱ्याला परत गेला. जाताना स्वतःचा बॉक्स कॅमेरा आठवडाभर माझ्याकडे ठेवून गेला. आत रोल आहे, आठ फोटो निघतात. भाऊ असावा तर असा.

ठराव : आठही फोटो चिंचदरीच्या कड्याचे आणि धबधब्याचे. त्यात माणूस एकही नाही.

लग्न होऊन बुलढाण्यात आले त्याला सतरा वर्षं झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कडा दिसतो. धबधबा त्याच्या पलीकडच्या अंगाला. तो मी पाहिलेला नाही. दर पावसाळ्यात घरातले कुणी ना कुणी जाऊन येतात, मी डबा भरून देते. धबधब्यावर ऊन म्हणे दिवस कलल्यावरच येतं. म्हणजे चारपर्यंत तिथं पोचायला हवं. पुढच्या रविवारी. एकटीनं.

२६ ऑगस्ट
ह्यांना स्पष्ट सांगितलं. दाढी करत होते. ‘हूं’ म्हणाले. मी परवानगी मागितलीच नव्हती, नुसतं कळवलं होतं.

जेवताना ह्यांनी सासूबाईंना सांगितलं, की रविवारी आपण सगळे चिंचदरीला चाललो आहोत. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, ही एकटी काऊन जाईल? शरयू, म्हणजे माहेरपणाला आलेली माझी नणंद, म्हणाली, वहिनी, मी निळी साडी नेसते, फोटोत उठून दिसेल. मी काही बोलले नाही. गप्प बसणं ही पण एक ताकदच असते.

शिवाय सामान धरायला माणसं झाली.

२७ ऑगस्ट, महालक्ष्म्यांचं जेवण
नाइलाजानं एक फोटो द्यावा लागला. सासूबाई दोन्ही महालक्ष्म्यांच्या शेजारी बसल्या, मी कळ दाबली. तेवढ्यात शेजारच्या कौशल्याबाई ओरडल्या, “अवं माय, तिघींचा फोटू काढत असते का? त्यातली एक जाते न! ज्येष्ठा, कनिष्ठा अन् तुम्ही, झाल्या न तीन!”

हे म्हणाले, मोजताना देवांना धरतात का? सासूबाईंनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, “धरलं तर मग जाणार कोण? देवी तर काही जात नाहीत.”

मग शरयूला मध्ये बसवून चौघींचा दुसरा फोटो काढला, पहिल्याचा दोष जावा म्हणून. खोलीत अंधार होता, पण समया होत्या. फोटो येतील.

सहा उरले. एका धबधब्याला सहा म्हणजे चंगळच.

२९ ऑगस्ट
ह्यांनी कळ नीट चालते का ते तपासलं. कठड्यावरच्या कावळ्यावर. पाच.

रागावले नाही. यंत्राची खात्री केलेली बरी.

३० ऑगस्ट
शरयूचा एक, निळ्या साडीत. तो काढताना पाहून कौशल्याबाई म्हणाल्या, “माह्यावाला काढतच नाही कोनी. मेल्यावर पोट्ट्यायनं हार कायले घालाचा?” असं म्हटल्यावर माणूस काय करणार! एक काढला. त्यांचे डोळे मिटले. सासूबाई म्हणाल्या, मिटलेल्या डोळ्यांचा हाराला चालत नाही. आणखी एक काढला.

ठराव : यापुढे कुणालाही नाही म्हणायचं. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. आवाज चांगला निघतो. दोन उरले. मोठे फोटोग्राफर म्हणे एकाच फोटोसाठी दिवसभर थांबतात.

१ सप्टेंबर, रविवार, दुपारी अडीच
मी तयार आहे. डबा भरला. सासूबाई जरा पडल्या आहेत.

दुपारी पावणेचार
चहा. कौशल्याबाईही येताहेत. त्यांनी पुऱ्या लाटायला घेतल्यात. ऊन अजून पुष्कळ आहे.

त्याच दिवशी, परतल्यावर
निघालो तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती. मी सर्वांत पुढे होते. पण पुढे जाऊन दर वळणावर थांबावं लागत होतं, म्हणजे मागेच असल्यासारखं.

कड्याच्या माथ्यावर सगळं हिरवंगार होतं आणि सोनेरी ऊन पडलं होतं. मी कॅमेरा वर केला, तर काचेत सासूबाई, शरयू आणि कौशल्याबाई ओळीनं उभ्या. मी ‘नाही’ म्हणणारच होते. त्याआधी कौशल्याबाईंनीच बोटं मोजली : तिघी! हे पुढे रस्ता कसा आहे ते पाहायला गेलेले. मी आत उभी राहिले तर कळ कोण दाबणार? तिथं बकऱ्या चारणारा सहदेव नावाचा म्हातारा होता, त्याला बोलावलं. तो म्हणाला, “मले काऊन उभं करता? म्या काय केलं?” कौशल्याबाई म्हणाल्या, “काई नाही केलं बाप्पा, चौथा हो!” तो काठी सरळ धरून असा ताठ उभा राहिला, की जणू पोलिसांनी बोलावलंय.

कळ दाबली आणि सासूबाईंचा पाय घसरला. फार लागलं नाही. थोडं चालल्या, पण धबधब्याकडे उतरायची वाट किती उभी आहे ते पाहून एका दगडावर बसल्या त्या बसल्याच. धबधबा फक्त एका वळणाच्या पलीकडे होता. आवाज एवढा, की आपसांतलं बोलणंही मोठ्यानं करावं लागत होतं. तुषारांनी माझ्या चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या.

सासूबाई म्हणाल्या, “तू जा, मी बसते इथं.” असं तीनदा म्हणाल्या. माझा हात मात्र त्यांनी घट्ट धरला होता. एवढ्या वर्षांत त्यांनी माझा हात असा कधी धरला नव्हता. सोडवून घेणं मला अगदी सहज शक्य होतं.

तेवढ्यात हे परत आले. म्हणाले, आण इकडे कॅमेरा, मी काढून आणतो, ऊन चाललं. शरयू आणि कौशल्याबाईही गेल्या. मी आवाज ऐकत बसले. समोरच्या झाडावरचं ऊन शेंड्यापर्यंत गेलं, मग तिथूनही गेलं.

ह्यांना परत आल्यावर विचारलं, कसा आहे? म्हणाले, फार काही नाही, पाणीच आहे.

२ सप्टेंबर
मार्तंड आला. कॅमेरा रोलसकट त्याला दिला. एक फोटो तरी नक्की आहे. कळ ह्यांनी दाबली हे तांत्रिक झालं. कल्पना माझी.

१५ सप्टेंबर, रविवार
मार्तंड फोटो घेऊन आला. महालक्ष्म्या आल्याच नाहीत, दोन्ही कागद काळे. कावळा उत्तम.

धबधबा आला आहे, पण एकटा नाही. माथ्यावरच्या फोटोनंतर कॅमेऱ्याची चावी फिरवायची असते, ती फिरवलीच गेली नव्हती. ती कोणी फिरवायची होती, यावर मी चर्चा वाढवली नाही. एकाच फोटोवर दोन फोटो बसले. शरयू, कौशल्याबाई आणि सहदेव फेसात विरले आहेत, पण सासूबाई ठळक आहेत आणि सगळं पाणी त्यांच्या डोक्यावर पडतंय. मला धबधबा बघायचा तर सासूबाईंच्या आरपार बघावं लागतं. मी खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला.

सासूबाई हरखल्या. “माझ्या माथ्यावर गंगा आली गं!” फ्रेम करून तो फोटो देवघरात लागणार आहे.

चहा घेताना मार्तंड म्हणाला, “ताई, त्यामुळं रोलमधली शेवटची जागा कोरीच राहिली होती बघ. अजून एक फोटो निघाला असता.”

मी म्हटलं, ती मी मुद्दाम ठेवली होती.

तो म्हणाला, “कशासाठी?”

मी विचारलं, अजून चहा घेशील?