शून्यावर गेलेला काटा

छावणी, औरंगाबाद
शनिवार, ८ ऑगस्ट १९८७

ती. बद्रीमामांस नीरजाचा वाकून नमस्कार (खरोखरच वाकले आहे, सहाव्या दिवशी नळ आला आणि हंडे भरून पाठ धरली). मामींचे गुडघे कसे आहेत? देवगावात पाऊस आहे का, हे विचारत नाही. इथंही नाही. वसाहती मात्र रोज वाढताहेत. आधी घरं, मग पाणी, असा या शहराचा खाक्या आहे.

माझ्या संशोधनाचं तुम्ही नेहमी विचारता. तांबं आणि ऑक्सिजनचे थर असलेली एक काळी गोळी आम्ही भट्टीत भाजतो. ती अतोनात थंड केली की तिच्यातले इलेक्ट्रॉन जोड्या करून विनाअडथळा वाहतात. ते असं का करतात, यावर माझा प्रबंध आहे. (हे जगात अजून कुणालाच नीट कळलेलं नाही म्हटल्यावर आई म्हणाली, "मग तुला पास कोण करणार?") थंड करायला द्रव नायट्रोजन लागतो आणि तो बनवायचं आमचं यंत्र पाण्यावाचून बंद. म्हणून मे महिन्यात तुमच्या दवाखान्यातलं, वळूचं वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायचं भांडं मी चार दिवसांसाठी आणलं. "वरचा दोन लिटर घे, वीर्याच्या नळ्या उघड्या पडू देऊ नको," असं तुम्ही दोनदा बजावलं होतं.

गोळीवर नायट्रोजन ओतला आणि विजेला होणारा अडथळा दाखवणाऱ्या मीटरचा काटा शून्यावर गेला. सरांनी पेढे मागवले. मी आणखी थोडा, आणखी थोडा म्हणत ओततच राहिले. भांडं रिकामं झालं, गोळी बाहेरच्या उन्हाइतकी तापली, तरी काटा शून्यावरच. मीटरची तार सुटलेली निघाली. तोवर पेढे संपले होते. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

बाकी सगळं ठीक. मामींना नमस्कार.

तुमची
नीरजा

ता. क. भांडं परत केलं तेव्हा भरलेलं होतं, पण ते मी एका कारखान्यात हातापाया पडून पुन्हा भरून आणलं होतं. (आधीच तिथं जायला हवं होतं.) मधले दोन दिवस ते कोरडं पडलं होतं. नळ्यांमधलं सगळं मेलेलं आहे, मामा. अडीच महिने तुम्ही तेच वापरताय. भीतीनं मी बोलले नाही.

पुन्हा ता. क. तुमच्या पत्रात वच्छलाबाईंचं काल वाचलं. तीनदा रेतन करूनही गाय गाभण नाही, "भाकडच हाय, चारा कुठून घालू" म्हणून सोमवारी बाजारात नेणार. गाईत काही खोट नाही. पत्र पोस्टात न टाकता एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. आधी त्यांच्या दारात जा आणि माझं नाव घेऊन सांगा. माझ्यावर रागवायला नंतर या.