केरूची बदली आणि तुझा सल्ला

पेण,
१० ऑक्टोबर १९९६

चि. रूबेन यास,

शालोम आणि ताईचे अनेक आशीर्वाद. तुझे, शीराचे आणि जोनाथनचे कुशल कळव. माझे विचारशील तर गुडघा जागेवर आहे, चष्म्याचा नंबर तोच आहे, आणि सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांपैकी सात अजून हयात आहेत. (पाच माणसांत भागणारा खेळ मला का आवडतो, हे यावरून तुझ्या ध्यानात येईल.) तुझे आठ पानी पत्र मिळाले. तुमच्या इस्रायलातल्या गावच्या बास्केटबॉल क्लबाचा सर्वांत चांगला खेळाडू मोठ्या शहराच्या क्लबाने नेला, आता दरवर्षी तोच क्लब जिंकतो, बाकीचे नुसती हजेरी लावतात, आणि या दुःखात तू दोन दिवस जेवला नाहीस, असे शीराने समासात लिहिले आहे. तू पंचावन्न वर्षांचा आहेस. जेवत जा.

मात्र गेल्या वर्षी तू याच विषयावर मला एक सल्ला दिला होतास. तो मी अमलात आणला. त्याचे काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

हैबतरावांच्या गणपतींच्या कारखान्यामागचे सिमेंटचे मैदान तुला आठवत असेल. मी शाळेत शिकवत असताना ते त्यांच्या वडिलांकडून बास्केटबॉलसाठी मागून घेतले. शाळेतून मी निवृत्त झाले, मैदानातून नाही. हैबतरावांना आता तिथे मूर्ती सुकवायला शेड बांधायची आहे. त्यांची अट अशी, की जानेवारीच्या स्पर्धेत पेणच्या सामन्यांना शंभर माणूस दिसले तर मैदान माझे, नाहीतर शेड त्यांची. पूर्वी शंभर माणूस सहज जमे, कारण पेण, रोहा, नागोठणे आणि अलिबाग यांच्यात कोण जिंकेल हे सामना संपेपर्यंत कोणालाच सांगता येत नसे. (आपले आडनाव रोहेकर असून मी पेणच्या बाजूने ओरडते, यावर रोह्याचे लोक दरवर्षी तोच विनोद करतात. मी दरवर्षी हसत नाही.)

आमचा आधार केरू. सहा फूट एक इंच. तो आणि जनू हमरापूरला एका मूर्तिकाराकडे कामाला होते. केरू माळ्यावर उभा राहून "वर!" म्हणून ओरडायचा, की जनू खालून शाडूचा गोळा त्याच्या हातात फेकायचा. दिवसाला दोनशे गोळे, सहा वर्षे. एवढा सराव तुमच्या मोठ्या शहराच्या क्लबातही होत नसेल. दोन वर्षांपूर्वी रोह्याच्या कंपनीत बास्केटबॉलचे वेड असलेले मॅनेजर आले आणि त्यांनी केरूला कायमची नोकरी दिली. सकाळची शिफ्ट, दुपारी सराव. मी ताबडतोब वाडीवर त्याच्या आईकडे, भागीकडे गेले आणि संघनिष्ठा या विषयावर पाऊण तास बोलले. भागी तांदूळ पाखडत होती. माझे झाल्यावर तिने विचारले, "बाई, तुमचा चेंडू पावसात घर शाकारून देतो व्हय?"

मी म्हटले, नाही.

"कंपनी छपराला पत्रे देते. आता तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा, पोरान् काय करावा?"

कुडापलीकडून शेजारची सगुणा ओरडली, "भागे, बाईंना च्या टाक गो, तोंड बघ कसा झालाय त्यांचा!" चहा चांगला होता.

त्या जानेवारीत रोह्याने आम्हाला अठ्ठ्याहत्तर विरुद्ध अकरा असे हरवले. अलिबागचा कप्तान रोह्याविरुद्ध हातातले घड्याळ न काढता खेळला, कारण त्याला सव्वापाचची एस. टी. गाठायची होती आणि तेवढ्यात काही बदलेल असे त्याला वाटत नव्हते. शेवटच्या सामन्याला चाळीस माणसे होती. खुद्द रोह्याचे लोकही यायचे थांबले. मॅनेजर मला म्हणाले, की आमचे कामगार सामना सुरू झाला की झोपतात. मला याचे नवल वाटले नाही. हैबतरावांनी मला एक वर्षाची मुदत दिली. (मी त्यांना आठवीत एकदा नापास केले होते. तो विषय दोघांनीही काढला नाही.)

नेमके तेव्हा तुझे पत्र आले. अमेरिकेत म्हणे जो संघ शेवटचा येतो त्याला पुढच्या वर्षी नव्या खेळाडूंतून आधी निवडायला मिळते, म्हणून तिथे कोणीच कायमचे वर किंवा खाली राहत नाही. मला हे पटले. नवे खेळाडू आमच्याकडे नसतात, म्हणून मी नियम असा केला, की शेवटच्या संघाने विजेत्यांचा हवा तो एक खेळाडू वर्षभर खेळायला न्यावा. नोकरी कंपनीतच राहील. भागीचे पत्रे सुरक्षित. ठरावाला सर्वांत आधी हात मॅनेजरांनी वर केला. केरूने मला स्टेशनवर गाठून सांगितले, "बाई, आता मी येतोच. तुम्ही फक्त नीट हरा."

अडचण अशी झाली, की हा विचार सगळ्यांनाच सुचला. यंदाच्या जानेवारीत अलिबागच्या संघाने दोन उत्तम खेळाडूंना एकाच दिवशी मावशीच्या बाराव्याला पाठवले. तरी आमच्या आणि नागोठण्याच्या आळशीपणापुढे त्यांचे काही चालले नाही आणि ते दोन सामने जिंकून बसले. शेवटचा सामना आमचा आणि नागोठण्याचा. जो हरेल त्याला केरू. मी आमच्या मुलांना हरायला सांगितले नाही, हे नोंदवून ठेव. मी फक्त म्हटले, की निकाल काहीही लागला तरी मी रागावणार नाही. (हे वाक्य त्यांनी माझ्या तोंडून प्रथमच ऐकल्यामुळे त्यांना अर्थ कळला.)

एकोणचाळीस मिनिटे कोणीही बास्केटकडे चेंडू फेकला नाही. (तीस सेकंदांत फेकलाच पाहिजे असा नियम आहे, मला ठाऊक आहे. सेकंद मोजणारे घड्याळ आमच्याकडे नाही.) दोन्ही संघ एकमेकांच्या हातात चेंडू देत होते. "घ्या की." "नाय नाय, तुम्हीच घ्या." कोपऱ्यावर उकडलेल्या शेंगा विकणारी हौसा म्हणाली, "पंगतीत जिलबीचा आग्रह चाललाय जसा!" प्रेक्षक एकोणीस. त्यांत हैबतराव धरलेले आहेत, आणि ते शेडच्या मोजमापाची टेप घेऊन आले होते. शेवटच्या मिनिटाला चेंडू जनूकडे होता आणि तो मैदानाच्या मध्यावर, मी शिकवले तसा, काहीही न करता उभा होता. केरू कुंपणाच्या भिंतीवर बसला होता. पेणला परत यायची घाई या माणसाइतकी कोणालाच नव्हती. पण खाली जनू, त्याच्या दोन्ही हातांत काहीतरी गोल, आणि आपण उंचावर, एवढे दिसताच सहा वर्षांची सवय उठली आणि केरू ओरडला, "वर!"

जनूने फेकला.

चेंडू कड्याला न लागता आत गेला. आम्ही तीन विरुद्ध शून्य असे जिंकलो. नागोठण्याची मुले नाचली, आमची रडली. केरूने दोन्ही हातांनी तोंड झाकले. जनू मला म्हणाला, "बाई, मी नाय फेकला, हातान् फेकला." मी शब्द दिला असल्यामुळे मला रागावता आले नाही. त्याचा त्रास अजून होतो.

तो नियम आम्ही रद्द केला आहे, पण येत्या जानेवारीत केरू नागोठण्याकडूनच खेळेल. हैबतरावांनी ही शेवटची जानेवारी म्हणून सांगितले आहे. या सगळ्यातून माझे मत पक्के झाले आहे: संघाने आपल्या गावात आहेत त्या माणसांवर भागवावे. ज्या दिवशी कोणी बाहेरून चांगला खेळाडू आणतो, त्या दिवसापासून खेळ संपतो. हे तू तुमच्या क्लबालाही कळव.

शीराला आशीर्वाद.

तुझी ताई,
नाओमी

ता. क. जोनाथनला क्लबात नुसते बाकावर बसवतात, असे तू लिहिले आहेस. सहा फूट चार इंचांच्या मुलाने बाकावर बसणे पाठीला वाईट. त्याला डिसेंबर-जानेवारीत इकडे हवापालटाला पाठव. शनिवारी प्रार्थनेला आठवा पुरुष होईल. बूट त्याचे त्यालाच आणू दे, त्या मापाचे पेणला मिळत नाहीत.

ता. क. २. खेळाडू स्थानिक हवा, हा स्पर्धेचा नियम मी पाहिला. आपल्या आजोबांचा तेलाचा घाणा इथे पेणजवळ जित्याला होता, तेव्हा जोनाथन स्थानिकच आहे. हैबतरावांना मी तो येणार असे सांगून टाकले आहे. त्यांनी त्याची उंची दोनदा विचारली आणि टेप घरी नेली.

ता. क. ३. हे पत्र बंद करत असतानाच कळले, की अलिबागचा संघ सांभाळणाऱ्या गिरजाबाईंनी शेजारच्या आयझॅकमामांकडून त्यांच्या तुमच्याकडच्याच, अश्दोदच्या पुतण्याला पत्र घातले आहे. तो सहा फूट सहा आहे. असल्या माणसांमुळेच खेळाचा समतोल बिघडतो. जोनाथनचे तिकीट आजच काढ.