माधवीच्या नावानं धरलेली जागा

३ नोव्हेंबर
आलो बाप्पा भद्रावतीत. खाणीच्या ऑफिसात नोकरी, कॉलनीत क्वार्टर, समोर निंबाचं झाड, आणखी काय पाहिजे माणसाले? सामान लावायच्या आधी कॉम्प्युटर लावला न् स्नूकरचा गेम सुरू केला. वडशाले असताना मी न् माधवी रोज एक डाव खेळायचो. माधवी माझी बायको, तिथी शाळेत शिकवते, बदली झाली की इथी येईन. तोवर मी एकटाच राजा. शेजारच्या रुखमाबाईनं गरम कढी आणून दिली.

७ नोव्हेंबर
एकट्यानं खेळून कंटाळा येते. म्हणून दोघांचा, पुष्कळ डावांचा सामना लावला न् दुसऱ्या जागेवर माधवीचं नाव टाकलं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो ना, तसं. तिचे शॉट मीच मारतो, मुद्दाम चुकवतो, न् फोनवर तिले चिडवतो की तू हरून राह्यली. जो सामना जिंकते त्याचं नाव गेमच्या बोर्डावर कायमचं बसते. रुखमाबाईले हे सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. म्हणाली, कुलदीपभाऊ, या क्वार्टरात माणूस आल्याबिगर त्याची जागा धरू नका, दुसरंच कोणी येऊन बसते. मले हसू आलं.

१३ नोव्हेंबर
जेवून आलो तर माधवीची पाळी खेळून झालेली. समोर बसून पाह्यलं. पडद्यावरची काठी आपोआप मागं गेली, थांबली, न् ठोका. लाल बॉल गेला, मग काळा. लय भारी खेळते. मले हरणं सहन होत नाई, म्हणून मीही खेळत राह्यलो. उठाले पाहिजे होतं.

१९ नोव्हेंबर
रुखमाबाईनं इचारलं, बाई कधी आल्या? दुपारी दोरीवर साडी वाळत घालताना दिसल्या म्हणे. मी फोन केला. माधवी वडशालेच आहे.
दोरीवर साडी आहे. ओली.

२३ नोव्हेंबर
माधवी फोनवर रडली. तिच्या आईनं सगळ्यांची ताटं वाढली, तिचं वाढलंच नाई. मग तिलेच इचारलं, तू कोणाची व?
मी गेममधून नाव काढलं. पुन्हा आलं. कॉम्प्युटर बंद केला — ठोके ऐकू येतेच. आता सामना जिंकणं आलं. ते नाव त्या दुसरीले मिळालं तर माझी माधवी कुठी जाईन? लय भेव वाटते.

२६ नोव्हेंबर
शेवटचा डाव, फक्त काळा उरला होता. पाळी माझी. ठोकला — चुकला. तिनं घातला.
बोर्डावर नाव बसलं.
माधवीले फोन लावला. सकाळी निघते म्हणाली. लवकर ये म्हटलं, मले तुझा चेहरा आठवत नाई —

२७ नोव्हेंबर
आता बरं वाटते. माधवी आतमधी भाजी चिरून राह्यली.
दारात एक बाई बॅग घेऊन उभी आहे. वडशाहून आली म्हणते. कुलदीप, कुलदीप करून रडते. माधवी आतून इचारते, कोण आलं. मी म्हटलं, ओळखत नाई. पण मग माझ्या डोळ्यात पाणी काऊन —