रेंज क्लिअर म्हणण्याआधी

ए आई,

प्रिय वगैरे लिहायला बसले असते तर तूच म्हणाली असतीस, “सरळ बोल गं, निबंध नको.” म्हणून सरळच सांगते. उद्या रविवार. उद्या सकाळी नेमबाजीच्या मैदानावर नारिंगी जॅकेट घालून मी उभी राहणार आहे. एकटी! ट्रेव्हरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तो घरी पाय वर करून क्रिकेट बघतोय, आणि क्लबनं त्याच्या जागी रेंज ऑफिसर म्हणून माझं नाव लावलंय. कोर्स झाला, परीक्षा झाली, ट्रेव्हरच्या हाताखाली उभं राहून झालं. तरी दुपारपासून भीती वाटतेय.

भीती बंदुकांची नाही गं. भीती एका वाक्याची आहे. गोळीबार सुरू करायच्या आधी रेंज ऑफिसरनं मोठ्यानं म्हणायचं असतं, “रेंज इज क्लिअर.” समोर कुणी नाही. तीन शब्द! आणि ते माझ्याच्यानं म्हणवत नाहीत. समीर म्हणतो, चहा घे. इरा म्हणते, “ममा, यू’ल बी फाइन.” तुझ्या जावयाला आणि नातीला कसं सांगू, काय होतंय ते? तुलाच सांगते.

तुला आठवतं ना, या सगळ्याची सुरुवात कशी झाली? समीरच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्याला नेमबाजी क्लबच्या ‘ट्राय डे’ला बोलावलं होतं. तो जाणार नेम मारायला, आणि आपण दोघी मागे तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन. समीरच्या गोळ्या कुठे गेल्या ते त्या पलीकडच्या मातीच्या बांधालाच ठाऊक! मग ट्रेव्हरनं सहज विचारलं, “वुड मम लाइक अ गो?” मी नको म्हणायला तोंड उघडतेय तोवर तू चष्मा पुसून बाकावर बसलीससुद्धा. जन्मभर ठाण्याच्या शाळेत भूगोल शिकवलास. इथे ब्लॅकटाउनला आल्यापासून इराला शाळेतून आणणं आणि कुंडीतला कढीपत्ता जगवणं, एवढंच तुझ्या वाट्याला उरलं होतं. त्या दिवशी तू पन्नास मीटरवरच्या कागदाकडे असं बघितलंस, जसं मागच्या बाकावर चुळबुळ करणाऱ्या पोराकडे बघायचीस. दहातल्या सात गोळ्या काळ्या वर्तुळात. समीरनं लगेच कॅमेरा काढला, आणि तू म्हणालीस, “फोटो नको, आधी मला परत एकदा बसू दे.”

सुमनमावशीचा फोन आला तेव्हा तर मी हसून लोळायची बाकी होते. “बंदूक? या वयात? कुणाला मारायला निघालीस गं?” आणि तू शेंगा सोलता सोलता, अगदी शांतपणे, “कागदाला.”

मला खरं तर तुझी नेमबाजी नाही, तुझी शिस्त आठवते. पहिल्याच दिवशी ट्रेव्हरनं नियम सांगितले. बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. तोंड कायम समोर. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरपासून लांब. “सीझ फायर” ऐकलं की बोल्ट उघडायचा, गोळ्या काढायच्या, रिकामी असल्याची खूण म्हणून आत पिवळी पट्टी खोचायची, आणि जमिनीवरच्या पिवळ्या रेघेच्या मागे येऊन उभं राहायचं. कागद बदलायला माणसं पुढे गेली की बंदुकीला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. तू सगळं ऐकून घेतलंस आणि माझ्याकडे वळून म्हणालीस, “हे तर आमच्या सासूबाईंचं सोवळं! नैवेद्य दाखवेपर्यंत त्या रेघेच्या आत कुणाची शिरायची छाती नव्हती.” ट्रेव्हर विचारत राहिला, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. आता त्याला सोवळं कुठून समजावू? मी म्हटलं, शी अंडरस्टँड्स.

मग आपले रविवार सुरू झाले. पहाटे उठून, थर्मासमध्ये चहा भरून, शहर मागे टाकून निघायचं. अंबाड्यावर कानाच्या मफचा पट्टा बसेना म्हणून तू वेणी घालायला लागलीस. या वयात वेणी! आणि किती गोड दिसायचीस! आपण पोचायचो तेव्हा मैदानावर धुकं असायचं, पलीकडची निलगिरीची झाडं अर्धीच दिसायची, आणि लाल झेंडा ओला होऊन काठीला चिकटलेला. मफ चढवले की जग लांब जायचं. आपलाच श्वास आपल्याला ऐकू यायचा. मी तुझ्या शेजारच्या बाकावर. तुझी गोळी सुटली की मला आवाजाच्या आधी तुझा खांदा हललेला दिसायचा, इतका हलकासा. आई, मला त्या सकाळी खऱ्या होत्या की मीच रचल्या, हेच कधी कधी समजत नाही.

एकदा कांगारू आले, ते तरी नक्की खरं. एक मोठी मादी आणि मागे दोन लहान, सरळ निशाणांच्या समोरून. ट्रेव्हरनं सीझ फायर पुकारलं, सगळ्यांच्या पट्ट्या खोचून झाल्या, सगळे रेघेच्या मागे. पंधरावीस माणसं थांबलेली. कांगारू निवांत चरत बसले. कुणीतरी म्हणालं, हाकलू या का? ट्रेव्हर म्हणाला, “नो रश, मेट.” तू हाताची घडी घालून बघत होतीस आणि तुझ्या चेहऱ्यावर काय समाधान होतं! घरी आल्यावर म्हणालीस, एवढी सगळी माणसं एका जनावरासाठी थांबली, मला फार बरं वाटलं.

आता ते दुसरं. ते लिहिल्याशिवाय पत्र पुढे जाणार नाही.

हवा चांगली होती त्या दिवशी. सीझ फायर झालेलं, ट्रेव्हर आणि चारपाच जण कागद बदलायला पुढे गेलेले. आणि एकदम तिरका पाऊस आला. छपराखाली शेवटच्या बाकावर क्लबची ती बंदूक, तुझी आवडती, भिजायला लागली. आणि तू धावलीस! गच्चीवर पापड घातलेत आणि पाऊस आलाय, तशी धावलीस! रेघ ओलांडली, बंदूक उचलली आणि पोटाशी धरून आत आणायला निघालीस.

मी ओरडले. “आई! ठेव ती! हात काढ, मागे हो!” मराठीत, जीव खाऊन. माझा असा आवाज मीच कधी ऐकला नव्हता. सगळी रेंज दगड झाली. तू बंदूक खाली ठेवलीस, मागे आलीस, आणि कुणाकडेच बघितलं नाहीस. बोल्ट उघडा होता, पट्टी आत होती, काही म्हणजे काही झालं नसतं. तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण समोर माणसं होती ना गं! ट्रेव्हर परत आला आणि हळू आवाजात म्हणाला, सॉरी लव्ह, आज पुरे. जिनं शेकडो पोरांना वर्गाबाहेर उभं केलं, ती माझी आई गाडीत जाऊन बसली. पावसाच्या काचेमागे तुझी नुसती वेणी दिसत होती.

घरी आल्यावर काय अबोला धरलास! “इरा, तुझ्या ममाला सांग, मीठ संपलंय.” आणि इरा बिचारी, “ममा, आजी सेज वुई’र आउट ऑफ सॉल्ट.” मी चार फुटांवर उभी! मला वाटलं, संपलं, आता ही रेंजचं नाव काढणार नाही. हट्टी तू कमी का मी? मीही बोलले नाही.

आणि पुढच्या रविवारी तू पहाटे तयार. वेणी घालून. ट्रेव्हर म्हणाला, पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागेल. तू नव्या लोकांच्या रांगेत उभी राहिलीस, हात मागे बांधून, आणि सगळे नियम पुन्हा ऐकलेस. मग बाकाकडे गेलीस, आणि बसण्याआधी मागे वळून माझ्याकडे बघितलंस. मी मान हलवली, तेव्हा बसलीस. मला वाटलं टोमणा आहे. पण तू दर रविवारी तसंच केलंस. शेवटपर्यंत. माझ्याकडे बघायचं, मी मान हलवायची, मग बसायचं. तू माझी परवानगी मागत होतीस, आणि माझ्या मठ्ठ डोक्यात ते तू गेल्यानंतर शिरलं. त्या दिवशी मी वूलवर्थ्स दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ओक्साबोक्शी रडले. एकदा तोंडानं म्हणाली असतीस, “विदू, बरोबर केलंस,” तर काय बिघडलं असतं गं तुझं?

तू झोपेतच गेलीस. कुणाला त्रास नको, कुणाला बोलवायला नको, अगदी तुझ्यासारखं. पण मला काही विचारायचंही ठेवलं नाहीस, याचा राग अजून जात नाही.

आणि आता खरी अडचण ऐक. तू स्वप्नात येतेस. नेहमी रेंजवरच. धुकं असतं, सगळे बाकांवर बसलेले, मफ चढवलेले, मी जॅकेट घालून मध्ये उभी. सगळे माझ्याकडे बघतायत, मी ते वाक्य म्हणायची वाट बघतायत. आणि समोर, निशाणांपाशी, तू. पाठमोरी. एका कागदाचा कोपरा सरळ करतेस, दुसऱ्यापाशी जातेस, वाकून बघतेस. मी हाक मारते, “आई, चल ना, लोक थांबलेत!” तू न वळता हात वर करतेस. “आले, आले.” पण येत नाहीस. कुणी कुरकुरत नाही. झेंडा हलत नाही. आणि खरं सांगू? स्वप्नात मला तुला बोलवायचंच नसतं. तू तिथे आहेस तोवर कुणी गोळी झाडणार नाही, कुणी घरी जाणार नाही, सकाळ तशीच राहील.

मागच्या महिन्यात ट्रेव्हर म्हणाला, आज तू म्हण. मी मैदानाकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. कसं म्हणू, समोर कुणी नाही? तोच म्हणाला शेवटी. मग जवळ येऊन विचारलं, “यू राइट, लव्ह?” मी म्हटलं, डोळ्यात धूळ गेली. त्यानं ऐकून घेतलं, विश्वास काही ठेवला नसावा. उद्या तो नाही. मी म्हटलं नाही, तर सगळ्यांनी गाशा गुंडाळून घरी जायचं. आणि न बघता, नुसतं सवयीनं म्हटलं, तर मी त्या जॅकेटच्या लायक नाही. हे तर तूही सांगशील, छडी घेऊन!

तेव्हा आई, तुला वचन देते. उद्या मी घाई करणार नाही. आधी बाकं बघीन, मग रेघ, मग गवत, डावीकडच्या कुंपणापासून उजवीकडच्या झाडांपर्यंत, धुक्यात नजर पोचेल तिथवर. तुलाही शोधीन, खोटं कशाला बोलू? पुन्हा एकदा शोधीन. आणि तू नसलीस, तर शेवटच्या बाकावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगीन, की समोर कुणी नाही.

तुझी,
विदू